गादीवाल्याची झोप

साऱ्या गल्लीला झोपवणाऱ्या गादीवाल्या काकांना स्वतःला मात्र रात्री झोप लागत नसे. त्याचं खापर ते कापसावर फोडत.

"कापूसच लबाड निघाला," म्हणत ते दर महिन्याला स्वतःची गादी उसवत, कापूस पिंजत, पुन्हा भरत. मग संध्याकाळी दुकानाच्या उंबऱ्यात बसून मोठा कप भरून काळी कडक कॉफी पीत आणि रात्री छताला डोळे लावून पडत.

लेक नर्स. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"बाबा, दोष कपात आहे. संध्याकाळी प्यालात की झोपायच्या वेळीही त्यातली निम्मी अंगात जागी असते."

"मग निम्मी झोपलेली असते ना? तिच्याकडे बघ!"

"आठ दिवस दुपारनंतर कॉफी बंद करा. झोप लागली, तर संध्याकाळचा कप कायमचा गेला. नाही लागली, तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही."

लेक गप्प बसेल, या लोभानेच काका फसले. तरुणपणापासूनचा कप त्यांनी पणाला लावला.

पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं, की गिऱ्हाईक दारात दिसलं तरी काका खेकसत. "आयुष्यभर तुम्ही मला जागं ठेवलंत, आता गिऱ्हाइकांना पळवून लावा," काकू म्हणाल्या. काका हटले नाहीत. उलट, कापसाचाच दोष आहे हे सिद्ध करायला चौथ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःची गादी पुन्हा उसवली. कापूस अर्धा बाहेर, अर्धा आत, मध्ये नारळाएवढ्या गाठी. त्या ढिगावर बसून त्यांनी दाभणात दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.

दुसरा टाका सकाळपर्यंत पडला नाही.

उन्हं तोंडावर आली तेव्हा काका गाठींवर आडवे होते. मिशीत कापूस, हातात दाभण. समोर काकू आणि ड्यूटीवरून आलेली लेक.

"रात्रभर घोरत होते," काकूंनी साक्ष दिली. "भिंतीपलीकडच्यांनी दोनदा भिंत ठोकली."

"काय बाबा, काय म्हणतोय लबाड कापूस?"

काका उठले. मिशी झटकली. हरलेल्या माणसाची एकही खूण त्यांच्या तोंडावर नव्हती.

"बघितलात माझा हात? न शिवलेल्या गादीवरही माणूस डाराडूर झोपतो!"

"आणि कप?"

"शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी कॉफी नाही. आजपासून सकाळी दोन. सकाळचं काही ठरलं नव्हतं."

तेव्हापासून काका रात्री घोरतात आणि काकू छताकडे बघतात. संध्याकाळी मात्र ते अजूनही उंबऱ्यात बसतात, तोच मोठा कप घेऊन. त्यात नुसतं गरम पाणी असतं. लेक गल्लीच्या तोंडाशी दिसली, की ते तिला ऐकू जाईल असा लांबलचक भुरका मारतात.