पॅडखालचा पुठ्ठा

वणीत आमच्या घरचाच बँड. बाबा क्लॅरनेट वाजवत अन् आजूबाजूच्या बँडवाल्यांचे क्लॅरनेट दुरुस्तही करून देत. दादाले अन् मले त्यांनीच शिकवलं. एक गोष्ट ते शंभरदा सांगत: चावीचं पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी गादी, नीट बसत नसलं तर दुसरं लावा, पण खाली पुठ्ठा घालू नका. पुठ्ठ्यानं पॅड छिद्राच्या फार जवळ येते, हवा मोकळी निघत नाही, आवाज दबते. पुठ्ठा घालणारा मिस्त्री चोर समजायचा, म्हणत.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत मी पहिल्यांदा वाजवणार होती. पुढं कोण, दादा की मी, हे बाबा आवाज ऐकून ठरवणार होते. मले पुढंच पाहिजे होतं, त्यात कायले लाजू? माझे पॅड पार फाटले होते. बाबानं दोन जातीचे समोर ठेवले. चामड्याचे, त्यांचा आवाज मऊ, मंडपात शोभणारा. अन् पातळ झिल्लीचे, त्यांचा आवाज टणक, ढोलताशातून पार निघून जाणारा. मी झिल्लीचे उचलले. बाबा हसले, म्हणे बापाचीच पोरगी आहेस. बसवूनही त्यांनीच दिले.

पण आवाज उठेचना. खालचे सूर तर गोधडीतून आल्यासारखे. बाबाले विचारलं, तर म्हणे पॅड बेस आहेत, काही खोट नाही, तुझा दमच कमी पडते. मले खरं वाटलं. दम वाढवायले मी रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत पळत जाऊन येत होती. शेवटी दादा पुढं गेला अन् मी मागच्या रांगेत. राग आला तो स्वतःचाच.

एप्रिलातलं वणीचं ऊन काय सांगावं! मिरवणूक चौकात आली अन् पॅड धरून ठेवणारी लाख पघळली. खालच्या मोठ्या चावीचं पॅड सुटून माझ्या हातात आलं, मागं चिकटलेली गुलाबी पुठ्ठ्याची चकती. लग्नपत्रिकेची. घरी येऊन एकेक पॅड काढलं. सगळ्यांखाली तेच. अन् कापल्या कशा, तर एकदम गोल, सफाईनं. असा हात आमच्या गावात एकाचाच होता.

बाबासमोर नेऊन ठेवल्या. ते नाही म्हणाले नाहीत.

"तू पुढं राह्यली असती तर तुझ्या दादाले कोणी विचारलं असतं? तू तर लग्न होऊन जाशील."

समतेच्या घोषणांमागं दिवसभर वाजवून आलो होतो आम्ही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. बापापुढं नुसत्या चकत्या गोळा केल्या अन् आत गेली.

मी लग्न होऊन कुठं गेली नाही. आता बाबाचे हात कापतात, पॅड मीच बसवते. परवा दादानं त्याचं क्लॅरनेट आणून दिलं. बाबा खाटेवरून म्हणे, नीट बसव बरं.

"पुठ्ठा नाही घालत मी, बाबा. तुम्हीच शिकवलं."

ते भिंतीकडं वळले. मले वाटलं होतं, हे एकदा बोलून टाकलं की छातीतलं उतरंल. उतरलं नाही.