खोल खिसे

अभिनय कोणाला कळतो असं कोणी विचारलं, तर मी सांगेन, पृथ्वीवर एकाच माणसाला, आणि तो चिमूरच्या बाजारओळीत पँटी शिवायचा. आम्ही त्यांना टेलरचाचा म्हणायचो. नट चेहऱ्याने नव्हे, हातांनी पकडला जातो, हे त्यांचं शास्त्र. खोट्या माणसाला हात कुठे ठेवावेत कळत नाही, मग तो खिसा शोधतो. "जिंदगीभर खिसे शिवले मास्तर, कोन काऊन हात घालते ते मले ठाऊक हाये," मला म्हणत ते दाताने दोरा तोडत. सिनेमात ते हिरोला सोडून मागच्या गर्दीचे हात पाहायचे. एकदा हिरोची आई शेवटचे श्वास घेत होती आणि मागे एक गडी कमरेवर हात ठेवून निवांत उभा. चाचा तिथूनच उठले. "बुढीले अजून टाइम हाये, पन पिच्चर मेला." मालिका म्हणजे त्यांच्या मते पासपोर्ट फोटोचं नाटक, कारण माणूस गळ्याच्या वरच दिसतो. चाची टीव्हीपुढे डोळे पुसू लागल्या की हे मशीनवरून ओरडत, "आधी तिले हात दाखवाले सांग, मंग रड!"

खरं ते मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं नाटक. तिथे लपायला जागा नाही. आमच्या नाटक मंडळाचे कपडे चाचा हौसेने शिवत आणि एकालाही खिसा ठेवत नसत. त्यामुळे आमच्या फौजदाराला वॉरंट टोपीत ठेवावं लागलं, आणि सलाम ठोकताना ते नायिकेच्या पायाशी पडलं. प्रेक्षक हसले, चाचा म्हणाले, "पाह्यलं? उचलतांना त्याचे हात कसे खरे झाले!"

आता कोणाला न सांगितलेलं सांगतो. एका वर्षी नाटकात दोन वाक्यांचा पोस्टमन होता. मंडळात कामं मीच वाटायचो; चाचांनी तो माझ्याकडे मागितला. जन्मात त्यांनी कोणाकडे मागितलेली ती एकच गोष्ट असावी. मी हो म्हणालो. त्यांनी खाकी ड्रेस शिवला. गिऱ्हाइकाला पँट देतानाही "तार आहे बाई, सही करा" म्हणू लागले. मग माझा मेहुणा त्या पोस्टमनसाठी अडून बसला, बायकोने दोन दिवस अबोला धरला, आणि मी काम त्याला दिलं. चाचांना जाऊन सांगितलं, "डायरेक्टर मानत नाई, चाचा. मी लई भांडलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्याकडे नाही. "बरं," म्हणाले, आणि मेहुण्याच्या मापाने ड्रेस उसवायला घेतला.

त्यानंतर माझ्या प्रत्येक पँटीचे खिसे इतके खोल असत की किल्ली काढायला वाकावं लागे. तक्रार केली तर म्हणत, "राहू दे, तुले लागतेत." मी हसायचो. त्याचा अर्थ कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आता त्यांना दिसत नाही. मशीनवर चादर असते. मागच्या महिन्यात गेलो आणि दारातच म्हणालो, "चाचा, तो पोस्टमन..."

"आधी हात बाहेर काढ."

काढले. सगळं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात चाचपले; एकही खिशाकडे वळत नव्हता.

"हां. आता खरं हाये," म्हणाले. मग भिंत धरून उठले, सदरा सारखा केला, आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. जराही हलत नव्हता. "तार आहे बाई. सही करा."

त्या हातात काहीच नव्हतं. मी सही केली.