पालथं भगुणं

निरोप आला तेव्हा मी शेवगावात नळाखाली बादली लावून उभा होतो. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. भंडारदऱ्याहून आतेभाऊ भिवाचा फोन होता. "आई गेली रं... जुलाबानं." धरणाच्या काठावर जन्म काढलेली माझी आत्या अंगातलं पाणी संपून मेली! महिना उलटला, तरी डोकं भणभणतंच आहे.

आत्याची वाडी म्हणजे बेटच. तिन्ही अंगांना धरणाचं पाणी, मागं डोंगर. पण ते पाणी खालच्या उसाचं; वाडीला त्यातून साधा नळ नाही. वाडीनं प्यायचं ते उतारावरच्या झऱ्याचं. पूर्वी तो वैशाखापर्यंत पुरायचा. आता पाऊस चार दिवस धिंगाणा घालतो नि गायब होतो, पाणी मुरणार कधी? झऱ्याच्या खडकावर आत्याचं जर्मनचं भगुणं असायचं. पाणी असलं की सुलटं, आटलं की पालथं. बायका वरूनच ते बघत, पालथं दिसलं की उताराची खेप वाचे. आत्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे.

एकदा धरण बघायला आलेली एक बाई म्हणाली, "किती भाग्यवान हो तुम्ही! दारातच एवढं पाणी!"

"मंग ऱ्हावा की हितंच," आत्या फटकन म्हणाली. "उन्हाळ्यात प्या त्यो गाळ." मला हसू फुटलं. आत्या मात्र हसली नाही.

यंदा शिमग्याआधीच तिनं भगुणं पालथं घातलं आणि हंडा घेऊन धरणाच्या चिखलात उतरली. ते गढूळ पाणी सगळी वाडी प्यायली, आजारी सगळेच पडले. आत्या उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सलाईन लावायला शीर सापडेना.

दहाव्याला जीपमधून एक सरकारी साहेब चौकशीला आले. हल्ली पाणीसुद्धा बाटलीत विकत मिळतं, तसली बाटली त्यांच्या हातात. एक घोट घेऊन म्हणाले, "झरा आहे ना तुम्हाला? मग धरणाचं पाणी प्यायलातच कशाला?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काही बोलायच्या आत भिवा त्यांना उतारावरून झऱ्यापाशी घेऊन गेला. मीही मागोमाग गेलो.

"हे भांडं पालथं का?" साहेबांनी विचारलं.

"आईनं घातलंय. पानी न्हाई म्हून," भिवा म्हणाला. "तुमी सुलटं करून दावा."

साहेबांनी कोरड्या खडकाकडे बघितलं, रुमालानं मान पुसली आणि ते जीपकडे चढले.

परवा पुन्हा जाऊन आलो. भगुणं तसंच आहे, पालथं. वाडी धरणाचंच पाणी पितेय.