ॲलर्जीचा पॅच

मला चिकट गोष्टींची पहिल्यापासून किळस. घरी फणस आला की मी मागच्या दारानं पळ काढायचे. आणि माझ्याच वाट्याला काय यावं, तर रोज पहाटे उठून पोटच्या पोरीच्या कमरेखाली औषधाचा पॅच चिकटवायचा आणि दुपारी तो ओढून काढायचा.

लेक तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत होती. तिला एडीएचडी आहे. म्हणजे तिचं लक्ष एका जागी ठरत नाही, आणि तीही ठरत नाही. गोळी तिच्या घशाखाली उतरेना. सफरचंदाच्या गरात कालवून दिली, आइस्क्रीममध्ये लपवून दिली, दर वेळी ओकली. शेवटी डॉक्टरनं पॅच लिहून दिला. औषध कातडीतून आपोआप आत जाणार. शाळेच्या दोन तास आधी लावायचा, नऊ तासांनी काढायचा, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे.

लावणं एक वेळ ठीक होतं. तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरायचं, तेवढ्यात ती परत झोपूनही जायची. काढणं म्हणजे मात्र शिसारी. चड्डीचे धागे, धूळ, घाम सगळं कडेनं चिकटून काळी किनार झालेली असायची. अमेरिकेतलं आमचं चँडलर म्हणजे वाळवंटच, तिथं सप्टेंबरातही ऊन असं, की पोर शाळेतून शिजून यायची. पॅच निघाला की खाली लालभडक चौकोन, आणि त्यावर राहिलेला डिंक साबणाला काही दाद द्यायचा नाही. मग खोबरेल लावून बोटानं चोळत बसायचं. त्याच्या काळ्या वळ्या व्हायच्या आणि माझ्या नखांत जाऊन बसायच्या. पॅच दुमडून संडासात टाकायचा, फ्लश करायचा, हात तीनदा धुवायचे. तरी त्या हातांनी कणीक मळायची म्हटलं की आधी नखं ब्रशनं घासायचे. शी! आत्ता लिहितानाही नखं बघतेय.

पण उपयोग झाला, उगाच खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच आठवड्यात तिनं वर्गात अख्खं पानभर लिहिलं. तिच्या टीचरनी ते पान घरी पाठवलं. मी ते गाडीतच वाचलं आणि पार्किंगमध्ये बसून ढसाढसा रडले.

मग लपवलं कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं असं झालं. पॅच सुरू व्हायच्या आधी आमच्या मराठी मंडळींचं पॉटलक होतं. तिथं एक काकू पावभाजीवर कांदा घेता घेता म्हणाल्या, की इथं पोरानं जरा मस्ती केली की लगेच औषध, मुलांना वेळ द्यायला नको ना कुणाला. सगळे हसले. मीही हसले! माझी पोर तेव्हा बाहेर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती, आणि मी त्या बाईच्या बोलण्यावर दात काढत होते. तेव्हा स्वतःची जितकी घाण वाटली, तितकी पुढं मला त्या पॅचचीसुद्धा वाटली नाही.

तेव्हाच मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेच्या फॉर्मवर औषध लिहावंच लागतं, तेवढं लिहिलं. बाकी कुणी पोहताना वगैरे पाहिलंच तर ॲलर्जीचा पॅच म्हणायचं. लेकीला समोर बसवून तीनतीनदा पढवलं. नवऱ्याला ते पटलं नव्हतं. एकदा तसं बोलून तो आपल्या कामाला लागला.

ऑक्टोबरात माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. तिसऱ्या दिवशी नातीला कपडे घालताना तिनं पॅच पाहिला. मी तिलाही तेच सांगितलं. सख्ख्या आईला! जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी.

आता ॲलर्जी म्हटल्यावर आमच्याकडची आजी काय करणार? तिनं पथ्य सुरू केलं. वांगं बंद, अंडं बंद, आंबट बंद, आणि शेंगदाणे तर साफ बंद. या औषधानं आधीच पोरीची भूक मेलेली. डबा जसाच्या तसा परत यायचा. त्यातल्या त्यात ती एकच गोष्ट आवडीनं खायची, पोळीला तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावून केलेली गुंडाळी. आईनं चटणीची बरणीच उचलून वरच्या फळीवर ठेवली. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणू शकले असते, दे गं तिला, काही होत नाही. पण मग आई विचारणार, ॲलर्जी आहे ना? म्हणून मी म्हटलं, आजी म्हणते तसं ऐक. महिन्याभरात पोरीचे गाल बसले. डॉक्टरनं वजनाचा काटा बघून भुवया वर केल्या, घरी काय खाते म्हणून विचारलं. मी तिथंही गुळमुळीत काहीतरी बोलले.

आणि मग शाळेतून नर्सचा फोन आला. लगेच या, म्हणाली.

गेले तर लेक नर्सच्या खोलीत खुर्चीवर पाय हलवत बसलेली. टेबलावर प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत पॅच. त्याला गालिच्याची लव, कुणाचा तरी लांब केस आणि निळ्या मोज्याचे धागे. वाचनाच्या तासाला मुलं गालिच्यावर बसतात, तिथं तो पोरीच्या अंगावरून गळून पडला आणि दुसऱ्या एका मुलीच्या मोज्याला जाऊन चिकटला. त्या मुलीनं तो ओरबाडून काढला, हातात धरून सगळ्यांना दाखवला. मुलं ‘यक, यक’ करत लांब पळाली. टीचरनी विचारलं, कुणाचा आहे? माझी पोर त्या पळणाऱ्यांत होती. तीही यक म्हणाली.

नर्सनं तिला बाजूला घेऊन दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, माझा नाही, माझा तर ॲलर्जीचा असतो. नर्स माझ्याशी शांतपणे बोलत होती, तेच जास्त लागत होतं. दुसऱ्याच्या मुलाच्या हाती हे औषध लागणं म्हणजे खेळ नव्हे, म्हणाली. त्या मुलीचे हात धुऊन तिच्या घरी कळवलं होतं. मग तिनं विचारलं, हिला खरंच कशाची ॲलर्जी आहे का? तसं असेल तर फॉर्मवर लिहायला हवं. मी मान खाली घालून नाही म्हटलं.

लेक खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली. चेहरा असा फुललेला, की आता शाबासकी मिळणार. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, “आई, आय डिडन्ट टेल.”

मला ओकारी आली. खरोखरची. नर्सच्या सिंकपाशी जाऊन मी तोंडावर पाणी मारलं.

घरी आल्यावर पॅच सुटला कसा ते कळलं. मी डिंक काढायला खोबरेल लावते, हे आईनं पाहिलेलं. तिला वाटलं, ते ॲलर्जीवरचंच. सकाळी पॅचच्या कडेला लाल झालेलं दिसलं, म्हणून तिनं मायेनं चांगलं बोटभर तेल चोळलं होतं. तिचं काय चुकलं? जेवढं मी सांगितलं, तेवढ्यावर ती बिचारी जीव लावून करत होती.

डायनिंग टेबलाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. लेकीला आत जा म्हणणार होते, पण तसं म्हटलं नाही. आई ऐकून घेत होती. मला वाटत होतं, आता औषधावरून बोलेल, अमेरिकेवरून बोलेल. ती फक्त एवढंच म्हणाली, “मग शेंगदाणे कशाला बंद करू दिलेस गं पोरीचे?”

काय सांगणार होते? की काकू काय म्हणतील, म्हणून महिनाभर स्वतःची पोर उपाशी ठेवली?

आईनं खुर्ची वळवली आणि नातीला जवळ ओढलं. लेक माझ्याशी सगळं इंग्लिशमध्ये बोलते, पण आजीशी मराठीच, मोडकंतोडकं का होईना. आईनं तिच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि विचारलं, “तुला लाज वाटते का गं त्या पॅचची?”

पोरीनं जरासा विचार केला. कुणी गणित घातल्यासारखं खरं उत्तर शोधत होती.

“मला नाही,” ती म्हणाली, “आईला वाटते.”