किटलीतला उपमा

काल सकाळी पत्नी विजेच्या किटलीत उपमा शिजवून पाहत होती. सिंगापूरला हॉटेलच्या खोलीत हाच करायचा, म्हणजे बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचेल, असे मीच ठरवले होते. वाचलेल्या पैशांत मुलांना दुसरे मनोरंजन उद्यानही दाखवता येणार होते. माझ्या साडूंनी सिंगापूरला जाऊन एकच पाहिले होते. ‘तुम्हांला आपलं महाबळेश्वरच बरं,’ असे ते भर पंगतीत म्हणाले होते. अपमानाचा सूड माणूस किती सभ्यपणे घेतो. त्याला कौटुंबिक सहल म्हणतो.

“अहो, तिथेही मी स्वयंपाकच करायचा का?” तिने हसत विचारले.

सूड माझा होता आणि किटलीपाशी ती उभी होती. दुसरे उद्यान मी यादीतून काढले आणि ते पैसे बाहेरच्या जेवणासाठी ठेवले. साडूंना मात्र अजून क्षमा करता आलेली नाही.