बडबडी मावशी आणि माझी पाठ

बायका मावशीची चौकशी करत परत यायच्या तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. आधीच सांगून टाकते, पुढे सोंग करायला नको.

आमच्या बाह्यरुग्ण विभागातली ती खोली लहानशी. कुणाच्या गर्भाची वाढ आठव्या-नवव्या आठवड्यात आपोआप थांबलेली असते, कुणी स्वतः ठरवून गर्भपाताला आलेली असते. सुन्न करायचं इंजेक्शन, हाताने ओढायची मोठी सिरिंज, दहा मिनिटांत गर्भपिशवी रिकामी. दोन तासांत बाई आपल्या पायांनी घरी जाते. सिरिंज डॉक्टरबाई ओढतात. मी नर्स. निघालेलं सगळं कोपऱ्यातल्या बेसिनवर गाळणीत धुते आणि काचेच्या ताटलीत, दिव्यावर धरून तपासते. काही आत राहिलं तर पुढे रक्तस्राव, ताप. मी ‘पूर्ण आहे’ म्हटल्याशिवाय डॉक्टरबाई हातमोजे काढत नाहीत. एकोणीस वर्षांत माझं एकदाही चुकलं नाही. पण टेबलावरच्या बाईला माझी दिसते ती फक्त पाठ.

आणि मावशीचं काम काय, तर लादी पुसायची, चादरी बदलायच्या. पण ही आडव्या अंगाची बाई टेबलाशी उभी राहून पेशंटचा हात धरायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. सुनेचं घोरणं, शेजाऱ्याचा शिव्या देणारा पोपट, काय वाटेल ते. म्हणून ती बडबडी मावशी. दोन आठवड्यांनी तपासणीला आलेली बाई हमखास विचारायची, त्या मावशी कुठे आहेत? मला कुणी ओळखायचंसुद्धा नाही. एकीने तर मावशीसाठी विणलेला स्वेटर माझ्याच हातात दिला. मी तो चार दिवस कपाटात दडवून ठेवला.

एकदा तरी एखादीने माझी आठवण काढावी, एवढंच मला हवं होतं. बेसिनचं काम शिकलेली नवी नर्स आली तशी मी डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं, की पेशंटचा हात धरणं हे नर्सचं काम आहे. मावशीची रवानगी चादरींच्या घड्या घालायला झाली. जाताना ती दारातून एवढंच म्हणाली, “सिस्टर, जरा पुढे सरकून उभ्या राहा.” आता ही मला शिकवणार! मी मुद्दाम मागे सरकले.

त्या दिवशी एक शिक्षिका होती. सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसले होते. तिने आधीच बजावलं होतं, मला काहीही दिसायला नको. मी तिचा हात धरला, तिच्या वर्गातल्या खोडकर पोरांबद्दल विचारलं. ती हसलीदेखील. मावशीपेक्षा मीच बरी, असं मनात आलं. तेवढ्यात गाळणीवरच्या पाण्याच्या धारेचा आवाज थांबला आणि सवयीने माझी मान वळली. बाईचे डोळे माझ्याच चेहऱ्यावर होते. मी पाहिलं तिकडे तिनेही पाहिलं.

नव्या नर्सने ताटली दिव्यावर धरली होती.

तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

दुपारी मी मावशीला सगळं सांगितलं. ती घडी घालता घालता थांबली.

“माझी बडबड कुणाच्या लक्षात राहते, सिस्टर? मी बेसिन झाकून उभी राहते. माझ्या वेळी मधे कुणी नव्हतं. मला अजून दिसतं.”

मला तिची कीव यायला हवी होती. आला तो हेवाच. जे मला एकोणीस वर्षं बेसिनशी उभं राहून सुचलं नाही, ते हिला टेबलावर पडल्या पडल्या उमगलं होतं.

दोन आठवड्यांनी शिक्षिका तपासणीला आली. तब्येत उत्तम होती. व्हरांड्यात मी समोरून येत होते. पहिल्यांदाच एखाद्या पेशंटने मला बघताक्षणी ओळखलं. तिचा चेहरा पांढरा पडला, ती भिंतीला टेकली.

मावशी पलीकडे लादी पुसत होती. तिने फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.