आमच्या नायकाचा आवाज

अंतराळातल्या लढायांच्या त्या चित्रपटांचा नायक आमच्या घरी हिंदीच बोलत आला. दादा आणि मी शाळेत होतो तेव्हा ते टीव्हीवर लागायचे, आणि आई लाटणं ठेवून येऊन बसायची. तो मुळात इंग्रजी बोलतो हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळूनही पटलं नाही. "अभी तो मैं खड़ा हूँ" हे त्याचं वाक्य आई कंबर दुखली की गॅसपाशी उभ्याउभ्या म्हणायची.

यंदा नव्या भागाचा ट्रेलर आला आणि त्यात हिंदी आवाज भलत्याच कुणाचा तरी होता. चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. चेहरा बदला, पोशाख बदला, पण आवाज बदलल्यावर माणूस उरतो कुठे, असं मी तावातावाने लिहीत सुटले. त्याखाली दादाचं उत्तर आलं. तो बरीच वर्षं पुण्यात असतो. त्याने लिहिलं होतं, "डबिंग बघणारे खरे फॅन नव्हेतच." माझं डोकंच फिरलं. पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. हा आता आमच्यातला राहिला नाही की काय?

सुट्टीत तो आमच्या हिंदी मुलखातल्या गावी, दर्पण कॉलनीतल्या घरी आला तो तिघांची तिकिटं काढूनच. इंग्रजी शोची.

"अरे, आई को क्या समझेगा?" मी विचारलं.

"एकदा ओरिजिनल ऐकू दे ना तिला. इतकी वर्षं आपण नकलीवर जीव टाकला."

"मग आपली मराठीही नकलीच म्हण. पुण्यात हसलेच होते ना तुझ्या हिंदी वळणाच्या बोलण्याला?"

त्याने तिकिटं खिशात घातली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात तोंड उघडायची चोरी झाली होती, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मला त्याची कीव आली नाही, निदान तेव्हा तरी नाही. आमचे पूर्वज दख्खनमधून ही भाषा घेऊन आले आणि ती इथे हिंदीच्या शेजारी वाढली. मला ती कधीच उसनी वाटलेली नाही.

"भांडू नका रे," आई पदर सारखा करत म्हणाली. "चला, मी येते."

गावातल्या पडाव भागातल्या थिएटरात ती मध्यंतरापर्यंत अगदी ताठ बसली होती. दिवे लागल्यावर दादाने विचारलं, "कसा वाटला त्याचा खरा आवाज?"

"छान आहे रे. पण तो माझ्याशी बोलतच नव्हता."

दादाने हातातलं पॉपकॉर्न माझ्याकडे दिलं. सिनेमा पुन्हा सुरू झाला तसा तो आईच्या कानाशी वाकला आणि आमच्या जुन्या हिंदी नायकासारखा खर्जातला आवाज काढून एकेक संवाद हिंदीत सांगू लागला. आईने मान त्याच्याकडे कलती केली. मागून कुणीतरी खेकसलं, "भाईसाहब, चुप बैठिए!"

दादा थांबला नाही.